रोह्याचं पान

— बसायला आले नाय विहीणबाय, कामाला आलेय. हा मृणालीचा लॅपटॉप. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन आलेय, जोह्यापासून रोह्यापर्यंत, नागोठण्याला यष्टी पाऊण तास उभी होती — कुणाला हात लावू दिला नाय. पोरीला हाक मारा. आतल्या खोलीत हाय ना? चपला दिसल्या दारात. येत नाय म्हणते? बरं, नको येऊ दे. ऐकतेय ना पण? ऐकू दे. गणपती आठ दिवसांवर, कारखान्यात दीडशे मूर्ती, नि ही बया माहेरी येऊन बसली — चिडू नका, बया मी सगळ्यांनाच म्हणते, माझ्या आईलापण म्हणायचे.

झालं काय ते तिनं सांगितलंच असेल. नाय? काहीच नाय सांगितलं? कमाल हाय. मग मी सांगते. आमच्याकडं गिऱ्हाईक घरचा पाट आणून देतं, त्या पाटावर आम्ही त्याची मूर्ती बसवतो, पाटाला खाली खडूनं नंबर. कुणाला पितांबर कुठल्या रंगाचं, ते आधी माझ्या डोक्यात असायचं. मृणालीनं ते कंप्युटरात घातलं. एक मोठं पान, त्याचं नाव 'नोंद' — पाटाचा नंबर नि रंग. मग गावागावाचं वेगळं पान, पेण, रोहा, नागोठणं. गावाच्या पानात रंग लिहिलेला नसतो बरं का — ते पान नोंदीला विचारतं नि मग सांगतं. हुशार हाय पोर, हे मी तेव्हापण म्हणत होते. मनात म्हणत होते.

तर यंदा नवी फाईल. नोंद तिनं नवी भरली, रोह्याचं पान राहिलं, नि ती गेली पेणला रंग आणायला. इकडं मिथुन, आमचा रंगारी, तो बोंबलतोय रोह्याची यादी द्या म्हणून. मग कुणीतरी काय केलं — मागच्या सालच्या फायलीतून रोह्याचं पान उचललं नि नव्या फायलीत ठेवलं. उजवं बटण, मूव्ह ऑर कॉपी, चौकोनात खूण, ओके. बावीस घरं तीच, पाट तेच, मग पान तेच का नको? छापलं नि मिथुनच्या हातात दिलं. पण पान आलं नव्या घरात नि विचारायला जातं जुन्याच घरी! मागच्या सालच्या नोंदीला विचारतंय, नि कुणाला पत्ता नाय. बावीस गणपती मागच्या सालच्या रंगात उभे.

तुमच्या आळीतली ठमाबाई आली बघायला, म्हणते, मी जांभळं सांगितलेलं, पिवळं कसं? मागच्या साली पिवळं नेलं तर नणंद म्हणाली हळद सांडली काय देवावर! — कारखाना डोक्यावर घेतला तिनं. नि मी मृणालीला बोलले. सगळ्यांदेखत. तुझ्या डबड्यानं सासऱ्याचं नाव घालवलं, एवढंच. बरं, अजून एक वाक्य होतं, ते नाय सांगत. तिनं हात पुसले, पिशवी घेतली नि गेली.

म्हणून म्हणते, तिला बोलवा, एवढं पान नीट करून दे म्हणावं, माझं तिथं अडलंय. फाईल उघडली की पट्टी येते, अपडेट करू का विचारते. मी केलं. दहा वेळा केलं. अपडेट म्हणजे ताजं, व्हय ना? कसलं काय — ते जातं जुन्या फायलीकडं नि जुनंच ताजं करून आणतं! मग एका रंगावर बोट ठेवलं नि वरच्या ओळीत बघितलं, पान कुणाला विचारतं ते तिथं दिसतं, तर कंसात मागच्या सालचा आकडा. चौथी शिकलेय, आकडे वाचता येतात. प्रवीणला विचारलं, तुमच्या जावयाला, तर म्हणतो आई, मी कंपनीत व्हॉल्व्ह फिरवतो, मला काय विचारतेस. मग बसले नि एकेक बटण दाबत गेले. डेटा. त्यात एडिट लिंक्स. त्यात त्या जुन्या फायलीचं नाव, नि शेजारी चेंज सोर्स. ते दाबायचं नि हीच नवी फाईल दाखवायची. दाखवली — काय सांगू तुम्हाला, पिवळ्याचं जांभळं, लालाचं हिरवं, जिथं बदलायचं तिथं धडाधड बदललं! एकटीच टाळ्या वाजवत बसले. मिथुननं दोन दिवसांत सगळी पितांबरं फिरवली, ठमाबाई काल येऊन हात जोडून —

हसताय काय?

व्हय. झालंय नीट. सगळं झालंय. मग लॅपटॉप कशाला आणला? आणला. मोकळ्या हातानं कुठल्या तोंडानं येणार होते?

नि ते 'कुणीतरी' — मीच ती. ती पेणहून आली तेव्हा मीच ऐटीत सांगितलेलं, रोह्याचं पान मी केलं गो, बघ, जमलं मला. म्हणजे तिला माहीत होतं, विहीणबाय. मी सहा माणसांसमोर तिची सालटी काढत होते नि तिला माहीत होतं. एक शब्द काढला असता तर त्या सहाजणांत माझीच शोभा. नाय काढला. इथं येऊन आईलापण नाय सांगितलं. आज सकाळी निघताना सांगून आलेय सगळ्यांना, पान मी उचललेलं म्हणून. मिथुनचा ब्रश थांबला. म्हटलं थांबतोस काय, रंग वाळेल.

कडी निघाली वाटतं. ये गो. बस इथं. — विहीणबाय, तुम्ही जरा मागच्या पडवीत जा. तुमचंच घर हाय, माहीत हाय मला. पण वाईट बोलले ते सगळ्यांदेखत जमलं, हे नाय जमायचं. बघताय काय? उठा. नि दार ओढून घ्या.