सूर्य ऐकायला

जिल्हा नवा होता आणि दुष्काळही. लातूरच्या कचेरीत रहिवासी दाखल्याच्या रांगेत कोंडाबाई आणि तिच्या गावची साखराबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागं उभा असलेला व्यंकट ऐकत होता.

“लेकीचा दाखला काढायलीस, कोंडे? काम काय करती ती?”

“सूर्याचा आवाज ऐकती.”

“कानानं?”

“न्हाई गं. आतल्या आवाजानं सूर्याचं अंग थरथरतं. ते यंत्रातून बघायचं, अन् आत काय हाय ते सांगायचं.”

“पाऊस कधी पडल ते कळतं का?”

“इचारलं मी. न्हाई म्हणली.”

“मग दाखला कशाला?”

“पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला चालली. तिथं सहा महिने सूर्य मावळत न्हाई. खंड न पडता ऐकता येतं.”

“आपल्याकडं ऊन कमी हाय का?”

“तिथं बर्फ हाय सगळीकडं.”

“म्हंजी पाणीच की! जाऊ दे तिला.”

“दोन महिने नकोच म्हणलं. एकुलती हाय. परवा म्हणली, आई, शेवटचं सांग, तू नको म्हणलीस तर न्हाई जात. मला नको म्हणताच आलं न्हाई.”

तेवढ्यात खिडकी आली.

“दाखला कशासाठी?” कारकुनानं विचारलं.

“लेक सूर्य ऐकायला चालली.”

त्यानं वर न बघता लिहिलं.

“काय लिवलं, साहेब?”

“शिक्षण.”

“ते झालं तिचं. नोकरी लिवा.”

“बाई, काय फरक पडतो? आवरा, मागं रांग हाय.”

“असू द्या, साहेब,” व्यंकट म्हणाला. “नोकरी लिवा.”