काळी चार

बंडू : न्हाय, ह्यो मी न्हवंच. बघा की नीट. उजवा हात डग्ग्यावर, डावा तबल्यावर. मला डावरा करून टाकला ह्या पोरांनी!

अनुजा : चित्र सेल्फीवरून काढलंय, बंडूकाका. सेल्फीत सगळं उलटं येतं. मीसुद्धा उजव्या हातानं पेटीचा भाता मारतेय, बघा.

बंडू : चाळीस वर्सं तबला वाजवला, आन् गावानं भिंतीवर कायमचा डावरा केला. वर शेजारी म्हस. म्हशीला रंग कसला झ्याक लावलाय! मला उरलासुरला.

ताई : म्हैस गावची आहे, बंडू. तू पाहुणा.

बंडू : असं व्हय!

अनुजा : ताई, सावलीत या. दहा वाजले नाहीत तोवर भिंत तापली.

ताई : थांब गं. माहेरच्या भिंतीवर आपलं चित्र काढलंय, दोन मिनिटं बघू दे की. ह्याच टाकीखाली मी घागर घेऊन रांगेत उभी असायचे. तेव्हा ह्या भिंतीवर नुसतं 'येथे थुंकू नये' लिहिलेलं होतं.

बंडू : आता तुमी हायसा. थुंकणारा बी थांबंल.

ताई : आधी पैलवान, मग गुऱ्हाळ, मग म्हैस, मग मी. क्रम बरोबर लावलाय पोरांनी.

बंडू : पर तोंड झकास काढलंय तुमचं. आऽ केलेलं. गळ्यात हार हाय, म्हंजे बुक्का लागलाय, कीर्तनातलं आख्यान चालू झालंय. काळी चारच्या पट्टीतला वरचा सा लावलाय बघा तुमी. मला हितनं ऐकू येतंय.

अनुजा : डबा उघडूया का?

बंडू : आवाजाचा विषय निघाला की तू डबा उघडतीस. सकाळपास्नं तिसऱ्यांदा.

अनुजा : भूक लागली म्हणून, काका.

बंडू : चल तर. त्या उंबराखाली बसू, घाट बी दिसंल. पाणी बघा किती खाली गेलंय. पोरं मदनं चालत पलीकडं निघाल्यात.

ताई : वैशाखात असंच असतं. आम्हीसुद्धा परकर वर धरून जायचो पलीकडं, करवंदं आणायला. येताना ओटी भरलेली, आणि तोंड जांभळं.

बंडू : घ्या, थालीपीठ. बायकोनं लोणी बांधून दिलंय. तायास्नीच द्या म्हणून बजावलंय, मला वास घ्यायची बी बंदी.

ताई : अनुजाला दे. मी दहीभात आणलाय.

बंडू : ह्यो भात न्हवं, पेज हाय. आन् परवा हनमंताच्या देवळात परसाद बी नुसता कपाळाला लावलासा. मी बघितलं, बोललो न्हाय.

ताई : उन्हाळ्यात जड जातं रे.

बंडू : अठरा उन्हाळं मी तुमास्नी घिऊन येतोय. कंपनीत हुतो तवा कागलातनं नाइट मारून, डोळं चोळत गाडी काढली. लोणी तुमाला कदी जड गेल्यालं न्हाय. बरं, खावा काय ते आन् उटा. नदीला ऐकवायचं हाय अजून.

अनुजा : आज नको, काका.

बंडू : नको कसं? नेम तायांचाच हाय. नवं आख्यान आदी नदीला, मग गावाला. जेष्ठातला गुरुमहाराजांचा उत्सव बी ठरवून आलोय मी. सात दिवस, सात आख्यानं. व्हय म्हणून आलो.

ताई : कुणाला विचारून?

बंडू : कुणाला म्हंजे? दरसाल मीच म्हणतोय की.

ताई : बंडू, ते थालीपीठ खाली ठेव. हातात काही असलं की तुला ऐकू येत नाही.

बंडू : ठेवलं.

ताई : सोमवारी माझं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढणार आहेत.

बंडू : गाठ काढणार.

ताई : स्वरयंत्र.

बंडू : तसं न्हवं, ताई. गाठ काढली की आवाज मोकळा हुतोय. आमच्या साडूच्या मानंत एवढी गाठ हुती, लिंबाएवढी. काढली, आन् आता गल्लीभर वरडत फिरतोय.

अनुजा : काका, ती गाठ वेगळी. हिला मुळं फुटलीत. सगळंच काढावं लागतंय. श्वासही पुढं गळ्याला भोक पाडून घ्यायचा.

बंडू : तुला ठावं हुतं.

अनुजा : राजारामपुरीत माझा क्लास आहे ना, त्याच्या खालीच डॉक्टर. मीच घेऊन गेले.

बंडू : कवा?

अनुजा : अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी.

बंडू : म्हंजे पंधरा दिस. आन् परवा मी तुज्या क्लासात यिऊन कागद वाचून दावला. ह्या दिवशी हे आख्यान, त्या दिवशी ते. तू च्या पाजलास मला.

ताई : तिला मीच शपथ घातली होती. तुला मी सांगणार होते, इथं आणून.

बंडू : पुन्यात दावू. मुंबैत दावू. मी गाडी काढतो आत्ता.

ताई : दोन ठिकाणी दाखवलं. दोघांचं एकच. आणि उशीर करू नका म्हणाले.

बंडू : मग बोलायचं कसं तुमी?

ताई : गळ्याला लावायचं एक मशीन असतं. डॉक्टरांनी मोबाइलवर दाखवलं मला. एक म्हातारे गृहस्थ होते, मशीन लावून सुनेकडं चहा मागत होते. शब्द नीट कळला.

बंडू : आन् कीर्तन?

ताई : चहा मिळेल, बंडू.

बंडू : ही गाठ... ही कवापास्नं हुती म्हणायची?

अनुजा : ते राहू दे आता.

बंडू : का ऱ्हाऊ दे? ताई, कवापास्नं?

ताई : वर्ष झालं असेल म्हणाले. जास्तच.

बंडू : वरीस. अनुजा, माझ्याकडं बघ. मागल्या उन्हाळ्यात ताई काळी चारवर हुत्या. हितंच. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका थांबल्या हुत्या.

अनुजा : काका, पाया पडते.

बंडू : श्रावणात तू पट्टी उतरवून पांढरी पाच धरलीस. दिवाळीला काळी तीन. माघात पांढरी चार. दर बारीला मला कानात सांगितलंस, ताईला कळू देऊ नका, वाईट वाटंल. मी बी खालच्या सुराचा, मोठ्या तोंडाचा तबला काढला, आन् धडधडीत सांगितलं, जुन्याची पुडी फाटली म्हणून.

अनुजा : मग काय करायला पाहिजे होतं मी? वरच्या सा ला आवाज फाटत होता. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या होत्या. बंद करा म्हणून सांगू ताईंना? मी? चौदाव्या वर्षी माझ्या पुढ्यात पेटी ठेवली ती कुणी?

बंडू : दवाखान्यात चला म्हणायचं हुतंस.

अनुजा : तुम्ही म्हणायचं होतं! तबला उतरवायची हातोडी तर तुमच्या हातात होती. तुम्ही ज्येष्ठमधाच्या कांड्या आणून देत होता.

बंडू : दिल्या की. खिसा भरून दिल्या. घसा बसलाय म्हटल्यावर कीर्तनकाराला दुसरं काय देत्यात?

ताई : भांडू नका रे. सावलीला माणसं बसलीत तिकडं. त्यांना वाटेल तबलजी-पेटीवाले बिदागीवरून भांडतायत.

बंडू : तुमास्नी कळलंच न्हाय, ताई? एका बी बारीला?

ताई : नाही. कान माझे, गळा माझा, आणि मला कळलं नाही. उलट मला वाटायचं, साठी उलटली तरी गळा कसा सहज फिरतोय. ओढाताण नाही, दम लागत नाही. रात्री घरी आले की महाराजांच्या तसबिरीपुढं हात जोडायचे. म्हणायचे, महाराज, केवढी कृपा. आणि कृपा तुम्ही दोघं करत होता.

अनुजा : ताई...

ताई : रडू नकोस. मी तुला दोष दिलेला नाही.

अनुजा : द्या ना. द्या एकदा.

बंडू : आदी गेलो असतो तर काय झालं असतं?

अनुजा : काका!

ताई : विचारू दे त्याला. नाहीतर रोज रात्री तो स्वतःलाच विचारेल. बंडू, डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला डाळीएवढी असणार. तेव्हा आलो असतो तर नुसतं किरणांचं लाइट देऊन भागलं असतं कदाचित. कदाचित म्हणाले.

बंडू : आवाज ऱ्हायला असता.

ताई : राहिला असता.

बंडू : शिव्या घाला, ताई. मुस्काट फोडा माझं. असं ग्वाड बोलू नका.

ताई : कुठल्या तोंडानं घालू? त्या उतरवलेल्या पट्टीवर वर्षभर टाळ्या मीच घेतल्या.

बंडू : तुमी लोकास्नी येवढं सांगत आलासा. कुणाचं पोरगं गेलं, कुणाचं घर बुडलं, तुमच्या कीर्तनातनं माणूस डोळं पुसून उटायचा. आता आमाला सांगा की कायतरी.

ताई : सांगून बघितलं, स्वतःला. नऊ भक्तींत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं. म्हटलं, मधू, तू पहिली पायरी सोडून दुसरीवर उडी मारलीस, आता देव तुला खाली बसवून ऐकायला लावतोय. किती छान आहे की नाही? लोकांना सांगितलं असतं तर बायकांनी पदर डोळ्यांना लावला असता. मी रात्री उठून बसते, हेच स्वतःला सांगते. लागत नाही रे. एक अक्षर आत जात नाही.

अनुजा : मग काय करता?

ताई : लाइट लावते. पाणी पिते. तेही थोडं थोडं.

बंडू : उत्सवाचं काय?

ताई : त्यांना दुसरे बुवा मिळतील. महाराजांचा उत्सव कुणावाचून राहत नाही.

बंडू : मी दुसऱ्याची साथ करणार न्हाय.

ताई : करशील. पोटदुखी झाल्यासारखं तोंड करून करशील, पण करशील.

बंडू : मोबाइल हाय माझ्याकडं. आत्ता एक म्हणा, भरून घेतो. निदान...

ताई : नको. मशीनमधल्या माणसाला साथ करता येत नाही. ते तुझ्यासाठी थांबत नाही, तुझ्याकडं बघून हसत नाही. पण म्हणते मी. नदीचं नमन राहिलंय.

अनुजा : डॉक्टर नको म्हणालेत. ताण द्यायचा नाही.

ताई : आता काय वाचवून ठेवायचंय, अनू? सूर दे. पेटी नाही तर तुझ्या गळ्यातून दे. काळी चार.

अनुजा : ताई, पांढरी चार देते.

ताई : काळी चार दे. ह्या वेळी माझ्याशी खोटं वागू नकोस.

(ताई घाटाकडे तोंड करून उभ्या राहतात. अनुजा सूर धरते, बंडू रिकाम्या डब्यावर ठेका. चार आवर्तनं जातात. मग आणखी चार.)

बंडू : ताई, सम गेली.

ताई : जाऊ दे.

बंडू : परत धरतो. सावकाश या. मी हाय.

ताई : नको, बंडू. थांब. हात लाल झाले तुझे.

अनुजा : बसा. माझा हात धरा. बसा खाली.

ताई : हवा येते नुसती. सूर कुठं आहे ते कळतंय, अगदी समोर दिसतोय, त्या पलीकडच्या काठासारखा. पोरं चालत जातायत, आणि मला पाय उचलत नाही.

बंडू : घरी पर्यत्न केला हुता?

ताई : रोज केला. म्हटलं, इथं येईल. माहेरी आहे, नदी आहे, तुम्ही दोघं आहात. येऊन येऊन कुठं येणार मग?

अनुजा : बोलू नका आता. दुखतंय तुम्हाला, दिसतंय मला.

ताई : बोलू दे गं. सोमवार सकाळपर्यंत बोलता येतंय ना. आज शुक्रवार. पूर्वी तीन-तीन तास बोलायचे मी, कागद नाही, चिठ्ठी नाही, लोकांची बस चुकायची पण माझं संपायचं नाही. आता तीन दिवस आहेत. इथं येईपर्यंत गाडीत सारखी विचार करत होते, ह्या दोघांना नीट काहीतरी सांगून ठेवायचं. आणि बसल्यावर काही म्हणजे काही सुचत नाही.

बंडू : न्हाय सुचत तर न्हाय. आमी कुटं पळाय लागलोय?

अनुजा : निघूया का, ताई? ऊन वाढतंय.

ताई : बसू थोडं.

बंडू : बसा. मी बसतो हितंच.

ताई : बंडू.

बंडू : बोला, ताई. ऐकतोय मी.

ताई : डोक्यावर ऊन आलंय तुझ्या. इकडं सरक.