मेहुण्याचं चिकन आणि माझा एक जाड हात

…अहो, चिकनला अशी चकाकी आणायची, की तंगडीत बघून भांग पाडावा, तर ती या अख्ख्या गल्लीत मीच आणू जाणे! म्हणजे… चिकन माझ्या मेहुण्यानं केलं. चकाकीही त्यानंच आणली. मी मधेच एकदा ते फक्त जाळलं. पण जाळलं म्हणून माणसाला किती बोलायचं? आमची ही रविवारपासून बोलतेय, आज गुरुवार! आणि ज्याचं जाळलं तो? एक अक्षर नाही! तेच तर माझं दुखणं आहे. माणूस चिडतच नाही हो!

तुम्हाला सांगतो, हा मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. जन्मभर लाकडाला पॉलिश करत आला. कपाटं, पलंग, खुर्च्या. मी भिंती रंगवणारा. आता दोघंही घरी बसलोय, आणि दारं समोरासमोर. मी त्याला गोगलगाय म्हणतो. चाल तशी, आणि गेला तिथं मागे चकाकी! चाळीस वर्षं मी त्याच्या खोड्या काढतोय. एकदा त्याच्या चपला पळवल्या आणि दोन्ही डाव्या ठेवून दिल्या. म्हटलं आता भडकेल. कुठलं काय! दोन्ही डाव्या घालून कामावर गेला, संध्याकाळी फेंगडा चालत परत आला आणि म्हणतो, "दाजी, उजवी सापडली का?" आता अशा माणसाचं काय करावं, तुम्हीच सांगा!

तर मागच्या वर्षी त्याची बायको गेली. लेक एकुलती एक, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अकराव्या मजल्यावर. दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे बोलणं सगळं सुई टोचल्यासारखं. गेल्या आठवड्यात आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही चहात पाव बुडवून दिवस काढता, मला कळत नाही का? रविवारी एक वाजता जेवायला येते. एक धड जेवण करून दाखवा. नाही जमलं, तर त्याच पावली बॅग भरायची, घराला कुलूप, आणि चला माझ्याकडे."

कुलूप! समोरच्या दाराला! मग मी सकाळी उठून छळायचं कुणाला? भिंतींना? त्यांना तर पन्नास वर्षं छळून झालं!

पण हा शांत. लेकीला हॉटेलातलं ते गोड-खारट, चकचकीत चिकन आवडतं ना, म्हणून हा एका हॉटेलात गेला, तिथली टेबलं कधीकाळी यानंच पॉलिश केलेली, आणि आचाऱ्याकडून रीत विचारून आला. रविवारी सकाळी मी मदतीला हजर. (मदतीला म्हणजे काय, ते तुम्हाला कळलंच असेल.)

बघतो तर काय! एकेक तंगडी फडक्यानं अशी टिपतोय, जशी बाळंतीणबाई तान्ह्याचं अंग टिपते. पातेल्यात मध, सोया सॉस, ठेचलेला लसूण, आलं, वर व्हिनेगरचे चार थेंब. ढवळतोय, चमचा उचलतोय, धार सोडतोय, डोळा बारीक करून बघतोय.

"अजून पाणी आहे, दाजी. चमच्याला धरून राहिलं पाहिजे."

"अरे गोगलगायी, चिकन आहे ते, खुर्ची नाही!"

"रीत तीच, दाजी. आधी अंग कोरडं. मग पातळ हात. तो बसू द्यायचा. मग दुसरा."

आणि नवाकोरा ब्रश काढला हो त्यानं! मी विचारलं, "यानं आधी कुठलं कपाट रंगवलंस?" हसला नुसता. तंगड्या ओव्हनमध्ये भाजल्या, बाहेर काढल्या, ब्रश असा फिरवला की लागला की नाही तेही कळू नये, परत आत. पाच मिनिटांनी बाहेर, उलटल्या, दुसरा हात. मी थट्टा करायला पुढे झालो आणि ओव्हनसमोरच बैठक मारली! पहिल्या हाताला रंग पातळ चहाचा, दुसऱ्याला कडक चहाचा, तिसऱ्याला… अहो, जुन्या सागवानाचा! काचेतून बघतोय तर आतला दिवा प्रत्येक तंगडीवर वेगळा चमकतोय. मी चौथी पास, तीही दोन खेपेला, मला शब्द कुठून सुचणार? मी आपलं म्हटलं, "बरंय."

मग हा म्हणाला, "दाजी, अंघोळ उरकून येतो. तुम्ही काही करू नका. नुसतं बघा."

आता मला सांगा, माझ्यासारख्याला 'नुसतं बघा' म्हणायचं असतं का? घड्याळात सव्वाबारा. हा एकेक पातळ हात मारत बसणार, लेक येऊन दारात उभी राहणार, आणि मग कुलूप! आम्ही भिंतीवाले, आमचं शास्त्र एकच. एक जाड हात मारायचा आणि घरी जायचं. पातेल्यात होतं नव्हतं ते सगळं थापलं तंगड्यांवर, आणि ओव्हनचं बटण फिरवलं पार शेवटाला! शपथ घेऊन सांगतो, खोडी नव्हती ती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खरी मदत केली, आणि पहिल्यांदाच धूर निघाला!

असला धूर, की समोरून आमची ही ओरडली, "काय पेटवलंत?" काचेतून बघतो तर तंगड्या काळ्या, डांबरात पडल्यासारख्या. मेहुणा टॉवेल गुंडाळून, डोक्यावर साबण, तसाच धावत आला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आज चिडणार! चाळीस वर्षं वाट बघितली या दिवसाची, आणि नेमका आज नको वाटतोय.

"दाजी, हात भाजला नाही ना?"

बघा! माणूस चिडतच नाही हो!

त्यानं ओव्हन बंद केला, एक तंगडी उचलली, सुरीच्या टोकानं काळं टोकरलं. "जाड हात वरच्यावर जळतो, दाजी, आत पोचतच नाही. लाकूड चांगलं आहे. खरवडू आणि परत चढवू." म्हणजे एखादं जळकं टेबल आलं असतं तर जसं बोलला असता, तस्सं! केसांतला साबण कानावर ओघळतोय आणि हा जळकी कातडी सोलतोय, एकेक, न फाडता. आत मांस कसं पांढरंशुभ्र, रसरशीत. मधाच्या बाटलीत कोमट पाणी घालून खळबळून शेवटचा थेंब काढला, पुन्हा पातेलं, पुन्हा चमचा, पुन्हा धार. मला वर्तमानपत्र दिलं धूर हाकायला. पहिला हात. दुसरा हात. पाऊण वाजला, एकला दहा कमी झाले, पण याचा ब्रश काही घाई करेना! आणि तिसऱ्या हाताला काय करावं? ब्रश माझ्या हातात दिला.

"हा तुम्ही मारा. भिंत नाही, दाजी. हलकेच."

अहो, तीन मजली शिड्यांवर गाणी म्हणत भिंती रंगवल्या मी, इथं एका तंगडीसाठी चष्मा पुसून घेतला. मारला. आणि आली हो चकाकी! पहिल्यापेक्षा चढच!

एकच्या ठोक्याला लेक. दारातच नाक वर. "काय जळलं?"

मेहुणा म्हणाला, "जळलं होतं. परत केलं." बस्स! नाव नाही, बोट नाही, माझ्याकडे नजरसुद्धा नाही! शेवटी मलाच राहवेना, "मी जाळलं गं."

"ते कळलंच, आतोबा," म्हणाली आणि बसली. पहिला घास ओठाला चिकटला, तो जिभेनं काढला. दुसरी तंगडी न विचारता घेतली. तिसरीला बोटं चाटली, चक्क नर्स असून!

मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, जेवणात तुम्ही पास. कुलपाचं मागे घेते. पण मला खरं सांगा, माझ्याकडे लिफ्ट आहे, गरम पाणी आहे, मी आहे. इथं एकटं राहायचा एवढा हट्ट कशासाठी?"

मी छाती काढून मधेच म्हटलं, "एकटा कसा गं? समोर मी आहे ना! मी सांभाळतो त्याला!"

मेहुण्यानं सावकाश बोटं पुसली. एकेक. आणि म्हणाला, "तसं नाही, बाळा. मी तुझ्याकडे आलो, तर दाजी दुसऱ्या कुणाच्या तरी खोड्या काढणार. आणि तो दुसरा काही यांच्या बायकोचा भाऊ नसणार. तो मारेल."