पट्टीवर बावीस

हॅलो? … हो, मीच, बाळकाका. मरोळच्या गाळ्यात दुसरं कोण असणार? … बोल क्षमा. वाण्याच्या फोनवरून ना? मग ओरडू नकोस, ऐकू येतंय.

… हो, तपासलं. सकाळीच. … अगं ऐक ना. अनंतला सांग, रविवारच्या शर्यतीला गाडीच्या इंजिनाला कंपनीचंच हेड लाव. तुझ्या बाबांनी घासलेलं नको.

… माहीत आहे. महिनाभर कानस चालवत होता लवू. मी समोरच बसलेलो.

… हो, नळीमागच्या पट्टीवर बाबांच्या हेडचे बावीस, कंपनीच्या हेडचे अठरा. बरोबर. आकडा मोठा म्हणजे हेडातून हवा जास्त जाते, इंजिनाला ताकद जास्त. शाबास, विसरली नाहीस. पण आज कंपनीचे अठराच आले नि बाबांचे सोळा.

… सोळा. … तीनदा मोजलं.

… नाही, नळीतलं पाणी तेच. तू कालवलेला लाल रंग. आता तूच सांग, आपली हवा मोजायची पेटी कशाची? … प्लायवुडची. ब्लोअर तिच्यातून हवा ओढतो. तिला फट असली तर? … हं. फटीतली हवाही मोजली जाते. मग आधी काय करायचं? … बरोबर. हेड काढून त्याच्या जागेच्या भोकावर पत्रा ठेवायचा नि ब्लोअर लावायचा. पाणी हललं की फट आहे.

… हललं. मागच्या फळीपाशी. दर रविवारी लवू तिथे मेणबत्तीचं मेण भरायचा. तो आजारी पडला, मग कोणी भरलंच नाही. आज मी भरलं.

… हेड ठेवून परत ब्लोअर लावू? बरं. थांब, वायर पोचते इथवर. … येतोय आवाज? … चढतंय. बारा… पंधरा… सोळा. … थांबलं. … नाही गं, अजून थांबून चढायचं नाही ते.

… हेडातला हवेचा रस्ता घासून रुंद केला म्हणून ती जास्त जातेच असं नाही. आत वळणावर जास्त घासलं गेलंय. हात थरथरायचा ना त्याचा. … हो, चुकलं त्याचं. माझं जास्त.

… कारण त्याचं हेड मोजलं त्या दिवशी मी पत्रा ठेवलाच नाही. चाळीस वर्षं पोरांना त्या पत्र्यावरून बोललो. आणि बावीस दिसले तसा रिक्षा करून हॉस्पिटलात गेलो. म्हटलं, लवू, बावीस. … हसला. म्हणाला, काका, परत सांगा.

… सांगितलं की. दोनदा.

… नाही, त्याला नाही कळलं. दुसऱ्या सकाळी तर…

… मी? जेवतो. झोपतो. रडू येत नाही मला, तेरा दिवस झाले. तू रड. वाणी काही म्हणणार नाही.

… … हं.

… अनंतला सोळाच सांगायचं. गाडी त्याला चालवायची आहे. काही लपवू नकोस.

… आईने? … सुगंधाने विचारलं तर?

… …

तिला बावीस सांग.

… हो. मीच सांगतोय.

… कसला आवाज? … अरे, ब्लोअर चालूच राहिला. … ठेव तू. मी बंद करतो.