एकशे अडुसष्ट नग आणि एक सांडशी

…आणि वर हे मलाच म्हणतात, "तूच तर म्हणालीस, रंग छान आहे!" अहो, म्हणाले! म्हणाले मी! नाकारते कुठे? पण का म्हणाले, ते विचाराल की नाही? व्रत होतं माझं. चाळीस दिवसांचं. काल संपलं. आज सकाळी दिवा लावला, हात जोडले, म्हटलं, देवा, जीभ परत घेते हं ताब्यात… आणि नेमके तुम्ही सापडलात. बसा. पाणी हवं तर घ्या, पण उठू नका. चाळीस दिवसांचं साठलंय.

तर झालं असं की आमचे हे निवृत्त झाले. सदतीस वर्षं कचेरीत फायलींवर सह्या केलेला माणूस, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला भांग पाडून, शर्ट खोचून हजर, कुठे? तर माझ्या स्वयंपाकघरात! "गॅस जरा बारीक कर. झाकण नाही ठेवत तू? हा डबा उजवीकडे ठेवलास तर तुझी चार पावलं वाचतील." चार पावलं! तुम्हाला सांगते, तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या डब्यांना नंबर घातले. मीठ म्हणजे सात. आता सात नंबरचं मीठ घालून कुणी जेवलंय का कधी? पण ते तरी काय करणार बिचारे. दुपारी खिडकीशी बसायचे, रस्त्याकडे बघत, आणि मधेच विचारायचे, "आज वार कोणता गं?" ते विचारणं ऐकवायचं नाही हो मला. म्हणून म्हटलं, देवा, ह्यांच्या हाताला काहीतरी काम दे, स्वयंपाकघराबाहेरचं दे, आणि ते मिळालं की चाळीस दिवस मी कशालाही नावं ठेवणार नाही. माणसाला नाही, भाजीला नाही, वस्तूला नाही. कुणी विचारलंच, तर त्यातलं जे चांगलं असेल तेवढंच बोलेन.

एरवी देव काय वेळ लावतो! शेजारणीच्या मुलाचं लग्न जमायला सहा वर्षं लागली, उपास करून करून ती काडी झाली. माझं मात्र तिसऱ्या दिवशी ऐकलं. हे बाहेरून आले ते हातात ही एवढी पेटी. "अगं, आजपासून गाडीचं सगळं काम घरी! गॅरेजात वर्कशॉप काढतो. मेकॅनिककडे जायचंच नाही. एकशे अडुसष्ट नग आहेत, एकशे अडुसष्ट! आणि भाव ऐकशील तर खरं वाटणार नाही तुला." खरं वाटलं की. पेटीकडे बघूनच वाटलं. आणि पेटी उचलून गॅरेजात जाताना शीळ घातली त्यांनी. शीळ! लग्नानंतर दोन वर्षांनी बंद पडली होती ती. मी तिथेच देवाला नमस्कार केला.

नमस्कार जरा लवकर झाला.

पेटी उघडली. "कशी आहे? तू बघ. तुला वस्तूची पारख आहे." आहेच मला पारख! पातेलं घेताना मी बुडाला टिचकी मारते. चांगलं भांडं टणकन बोलतं, हलकं भांडं भद्द करतं, कुणी शिकवायला लागत नाही. तशीच मी त्यातल्या एका पान्याला टिचकी मारली. काय आवाज आला असेल? अहो, बिस्किटाचा! बिस्किटाच्या पुड्याला टिचकी मारल्यासारखा! नखाने खरवडलं तर वरची चकाकी नखात आली. कडा अशा की माझी जुनी विळीसुद्धा लाजेल, म्हणजे धार नको तिथे धार. आणि एकशे अडुसष्ट म्हणजे तरी काय? शंभरावर तर नखाएवढे बारके बारके तुकडे, स्क्रूच्या टोकाला लावायचे, त्यातले निम्मे एकाच मापाचे! उरलेल्यात पेटीची कडी मोजली असणार, आणि मला तर वाटतं आत ठेवलेला कागदही मोजला असणार. पक्कड उजेडाकडे धरली तर तिच्या मिटलेल्या जबड्यातून मला समोरची भिंत दिसली, भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, तारीखसुद्धा वाचता आली असती. माझी सांडशी सासूबाईंच्या वेळची, पण तोंड मिटलं की केस सुटायचा नाही. आणि ही कालची पोर, आ वासून बसलेली!

"बोल ना, कशी आहे?"

आता काय बोलू? व्रत! जिभेच्या टोकावर आलं होतं, "ह्याच्यापेक्षा खेळण्यातली बरी," गिळलं. पुन्हा बघितलं. शोधलं हो, मनापासून शोधलं, एक चांगली गोष्ट. म्हटलं, "रंग छान आहे."

संपलं! माणूस हवेत! कारण काय आहे, मी कधी काही छान म्हणत नाही ना. दुसऱ्या दिवशी हातोडी आली. तिचं डोकं दांड्यावर असं डुलत होतं, जणू एखाद्याला गाणं आवडलंय. "कशी आहे?" रंग छान आहे. मग मोजायची टेप आली, जी ओढल्यावर परत आत जायला तयार नाही, बोलावलं तर येत नाही, ढकललं तर रुसते. रंग? पिवळाधमक, छानच. मग करवत आली. तिने लाकूड कापलं नाही, लाकडानेच तिचे दात काढले. पण रंग मात्र छान हं! आणि मी जितकं म्हणावं तितकी पुढची वस्तू यावी! वर हे शेजारच्या मास्तरांना कुंपणावरून सांगायचे, "आमच्या हिला दाखवल्याशिवाय मी काही ठेवत नाही." मास्तरही भाबडे. तेही तीच पेटी घेऊन आले. "वहिनी, तुम्ही पास केलीत म्हणून घेतली हो!" पंधरा दिवसांनी त्यांची हातोडी माझ्या तुळशीच्या कुंडीत सापडली. म्हणजे हातोडीचं डोकं. दांडा त्यांच्याच हातात होता.

बरं, काम तरी चालू होतं का? तर हो! चालू होतं! कसं, ते ऐका. चौथ्या दिवशी हे स्वयंपाकघराच्या दारात. "अगं, जरा तुझी सांडशी दे. ती पक्कड… अजून रुळायची आहे." रुळायची आहे! पक्कड काय नवी सून आहे? दिली सांडशी. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्याच स्क्रूत मेणासारखं वळलं, तर माझी जाड पात्याची सुरी गेली. हातोडी डुलते म्हणून बत्ता गेला. नट ठेवायला वाट्या गेल्या. ऑइल गाळायला गाळणं गेलं, आणि ते गेलं ते गेलंच, त्याचं नाव आता आमच्यात काढत नाहीत. मी देवाला म्हटलं होतं, ह्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढ. देवाने काढलं. स्वयंपाकघरासकट! इकडे मी गरम भांडं पदराने उतरवतेय, बोटं पोळतायत, आणि तिकडे एकशे अडुसष्ट नग पेटीत लोळतायत, चमकतायत, रंग छान!

पण शीळ चालू होती हो. म्हणून गप्प होते.

आणि मग अडतिसाव्या दिवशी जॅक आला.

आता इतका वेळ मी हसत होते, पण इथे माझं हसू गेलं. पान्याने फार तर बोटाची साल जाईल. जॅक म्हणजे काय, तर त्याने गाडी वर उचलायची आणि त्याच्या भरवशावर माणसाने खाली शिरायचं. ह्यांनी तो जमिनीवर ठेवला. निळाशार. मी बघितलं, तर खाली फरशीवर तेलाचा थेंब. पुसला. परत आला. दांडा दाबला की वर जायचा, आणि जरा नजर वळवली की आपला हळूच खाली, बोटभर. मी टिचकी मारली. बिस्किट.

"कसा आहे?"

दोन दिवस राहिले होते, दोन! मी म्हटलं, "अहो, मेकॅनिककडून एकदा…" तर चेहरा पडला. "म्हणजे मला जमणार नाही असं वाटतं तुला?" तोच खिडकीतला चेहरा. आता वार विचारणार, असं वाटलं मला. आणि तोंडातून गेलं, "रंग छान आहे."

ह्यांनी गाडी उचलली. पुढचं चाक काढलं. खाली पोतं अंथरलं, चष्मा खिशात ठेवला, माझी सांडशी हातात घेतली, आणि शीळ घालत आडवे व्हायला लागले.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? ओरडला असतात ना? मीही ओरडले असते. पण तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं. मी म्हटलं, "थांबा. आधी मी झोपते."

"कुठे?"

"गाडीखाली. सरका. पोतं चांगलं आहे, मऊ आहे."

"वेड लागलंय का तुला? तू कशाला खाली?"

"का? एवढा चांगला जॅक आणलाय तुम्ही. बघू दे की मला गाडी खालून कशी दिसते." आणि पदर खोचून मी खाली बसलेसुद्धा! सांडशी पोत्यावर टाकून ह्यांनी माझं मनगट धरलं, बाजूला ओढलं. असं धरलं, अजून वळ आहे. "अगं ऊठ! तो सटकला बिटकला म्हणजे?"

म्हटलं, "म्हणजे सटकेल असं वाटतं तुम्हाला?"

मी जॅककडे बघतेय, ते माझ्याकडे बघतायत. मग त्यांनीही बघितलं जॅककडे. पहिल्यांदाच, रंग सोडून. तेवढ्यात भुस्स… असा आवाज आला, आणि गाडी, दमलेली म्हैस पाण्यात बसावी ना, तशी सावकाश, काहीही घाई न करता, पोत्यावर बसली.

ह्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला. मग अगदी बारीक आवाजात, "तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की. रंग छान आहे म्हणाले ना!"

"ते तर तू सगळ्यालाच म्हणालीस!"

"मग त्यावरून समजायला नको? पस्तीस वर्षांच्या संसारात मी कधी सगळ्याचं कौतुक केलंय?"

तेव्हा मी व्रताचं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. त्यांनी गाडीखालून माझी सांडशी ओढून काढली, पुसली, आणि दोन दिवस शीळ बंद.

व्रत संपल्यावर काल संध्याकाळी मीच त्यांना दुकानात घेऊन गेले. ते स्वस्तातलं नव्हे, बाजाराच्या टोकाचं अंधारं दुकान, जिथे मेकॅनिक घेतात. एकेक पाना काढायला लावला आणि टिचकी मारली. दुकानदार म्हणतो, "बाई, हे भांड्यांचं दुकान नाही." म्हटलं, तुम्ही काढत राहा. सातवा पाना टणकन बोलला! असा बोलला की दुकानदारानेही वर बघितलं. काळपट, मळकट, रंग म्हणाल तर काहीच नाही. तेवढा एकच घेतला. परत येताना कोपऱ्यावर वळलो आणि ह्यांनी शीळ घातली. जॅक नंतर घेऊ, तोवर खाली शिरायचं काम मेकॅनिकचं, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलंय.

म्हणून मी आज नवीन व्रत घेतलंय. घरात आलेली प्रत्येक वस्तू पहिल्याच दिवशी वाजवायची, आणि जे ऐकू येईल ते पहिल्याच दिवशी तोंडावर सांगायचं, गोड आवाजात, पण सांगायचं. रंगाचा उल्लेख नाही. सुरुवातही झाली, आज सकाळीच. हत्यारं ठेवायला हे कपाट घेऊन आलेत, घरी जोडायचं, चव्वेचाळीस तुकडे, म्हणे फारच स्वस्त पडलं. मी टिचकी मारली, खरं काय ते सांगितलं. म्हणाले, "हो गं, असेल, पण आता आणलंय ना? जरा सांडशी दे."

तेव्हा तुम्हीही घ्या हे व्रत, आजच घ्या, गुण येईल, येतोच. फक्त व्रताला बसायच्या आधी एवढं करा, घरात सांडश्या दोन आणून ठेवा.