परतीची नळी

तू पिकअपला जादा टाकी बसवायचं म्हणतोयस म्हणून सांगतो. माझ्या गाडीला खोपोलीच्या रफिकभाई मेकॅनिकने बसवली होती. कॉक फिरवला की इंजिन या नाहीतर त्या टाकीतून डिझेल घ्यायचं. पहिल्याच दिवशी मूळ टाकी फुल्ल भरली आणि जादा टाकीवर कर्जतला निघालो.

पळसदरीच्या पुढे मागून एक बाई स्कूटरवर सारखा हॉर्न वाजवत होत्या. मी साइड दिली, तरी हॉर्न चालूच. शेवटी त्यांनी पुढे येऊन मला थांबवलं.

"दादा, तुमचं डिझेल सांडतंय. मगाशी वळणावर मी पडता पडता वाचले."

उतरून बघतो तर मूळ टाकीच्या झाकणातून डिझेल वाहतंय. जी टाकी मी वापरतच नव्हतो, तीच ओसंडत होती. रफिकभाईला फोन लावून टाकीचं आणि वळणावर बाई पडता पडता वाचल्याचं सांगितलं.

"इंजिन जास्तीचं डिझेल ओढतं रं, उरलेलं नळीनं मागं टाकीत येतं. ती परतीची नळी मी जुन्याच टाकीला ठेवली. चूक माझी हाय. गाडी बंद कर, आलोच मी."

अर्ध्या तासात तो मोटारसायकलवर आला. मला वाटलं, आता पाना घेऊन गाडीखाली शिरेल. त्याने लाकडाच्या भुशाचं पोतं माझ्या हातात दिलं.

"नळी मागनं बघू," तो म्हणाला. "आधी त्या वळणावरच्या डिझेलवर भुसा टाकू, चल."