एका दमातलं रेकॉर्डिंग

लातूरहून निघालेल्या एसटीत रेणुकाच्या मागच्या सीटवर मायलेकींचं जुंपलं होतं.

"म्युझिक थेरपीच्या एम.ए.साठी गाण्याचं रेकॉर्डिंग आजच पाठवायचं हाय, आई. दुसऱ्याचा आवाज चालत न्हाई. अन् बाबा दरवेळी गाणं संपायच्या आत म्हणतात, साधू, साधू, साधू!"

"विहारातली सवय हाय त्यांची, धम्मप्रिया."

"तोंडावर बोट ठेवून बसवलं, तरी!"

"सकाळी तर गप होते की. मला अंगणात साधू-साधू ऐकू आलं न्हाई."

"गप कुठले? घोरून राहिले होते! चांगलं जमलेलं गाणं वाया गेलं."

"घोरत होते?"

"हाव. लई जोरात."

"पोरी, तुझा भाऊ गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला न्हाई."

मागे मुलगी एकदम सरसावून बसली, तसा रेणुकाच्या सीटला धक्का बसला.

"आई, मोबाईल दे. सकाळचं तेच पाठवते, घोरण्यासकट."